शकूर, तुझ्या फळीवरची पुडकी

या जबलपुरात माझ्या एका हाताच्या इशाऱ्यावर हजारो माणसं झोपेतून उठत होती, जेवायला बसत होती आणि घरी जात होती. मी कारखान्याचा भोंगा वाजवत होतो. साखळी ओढायची आणि सोडायची एवढंच काम, आणि ते पण मला शिकवता शिकवता साहेब रडकुंडीला आला होता, हे तुला ठाऊकच आहे. तूच तर सगळ्यांना सांगत फिरायचा.

शकूर, मी तुझ्यावर चिडून आहे. मेलेल्या माणसाबद्दल बरं बोलायला तुझ्या दारात रांग लागली आहे. मी त्या रांगेत नाही. मला लिहिता येत नाही, सही करतो ती पण समोर ठेवलेली पाहून पाहून. म्हणून हे मी बोलून राहिलो आणि माझी बायको मंगला लिहून राहिली. तिनं आत्ताच सांगितलं की शिव्या ती लिहिणार नाही. जिथं शिवी येते तिथं ती जागा सोडून राहिली. तू समजून घे. माझ्या शिव्या तुला तोंडपाठ आहेत.

तू कारखान्यात नोकरीला नव्हता. तू फाटकाबाहेर बसायचा, सायकली सांभाळायला. आत बारूद, म्हणून फाटकावर झडती. बीडी, काडीपेटी, चाकू, तंबाखूची डबी, काही म्हणजे काही आत न्यायचं नाही. सापडलं की नोकरी गेली. मग सकाळी माणूस यायचा, सायकल तुझ्याकडं द्यायचा, आणि खिशातलं सगळं रुमालात बांधून ते पुडकं पण तुझ्या हातात द्यायचा. तू ते मागच्या फळीवर ठेवायचा. चिठ्ठी नाही, बिल्ला नाही. संध्याकाळी माणूस समोर आला की त्याचं पुडकं त्याच्या हातात. कोणी सोनाराकडून आणलेली बायकोची जोडवी ठेवून जायचा, कोणी आईचं औषध. एकानं तर जिवंत कोंबडी ठेवली होती. तू तिला दिवसभर दाणे घातले आणि संध्याकाळी कोंबडी दिली, वर तिनं घातलेलं अंडं पण दिलं.

माझ्या रुमालाला भोक होतं. त्यातून बीड्या गळायच्या. तू त्या पण वेचून परत द्यायचा. मी तुझ्या जागी असतो तर ओढल्या असत्या आणि वरून विचारलं असतं की तुझ्या रुमालाला भोक काहून आहे.

आपलं जमलं ते बोलीवरून. जबलपूरच्या घमापुरात मराठी बोलणारा मुसलमान, आणि ती पण अशी मराठी, थेट वरुडाकडची, की माझ्या मराठीला लाज वाटावी. माझी अर्धी हिंदी झालेली. पहिल्या दिवशी तू म्हटलं, "काय बे बड्डे, जेवला का?" बड्डे, म्हणजे मोठा भाऊ, तेवढं जबलपूरचं, बाकी सगळं वऱ्हाडातलं. मी जेवलो होतो, तरी नाही म्हटलं. तुझ्या डब्यात अंबाडीची भाजी होती.

आता मुद्द्यावर येतो. आपलं भांडण कुठं सुरू झालं ते सांगतो, कारण ते अर्धवट टाकून तू निघून गेला आणि मला एकट्याला भांडायला ठेवलं.

मी कँटीन कमिटीच्या निवडणुकीला उभा राहिलो होतो. भाषण पण केलं होतं, की माझ्या आवाजावर सगळा कारखाना चालतो. मतं मोजली तर माझ्या नावाचं एक मत निघालं. मी छाती काढून सगळ्यांना सांगितलं की बघा, कोणीतरी आहे आपल्यामागं. मग घरी गेल्यावर आठवलं की मत मी पण टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी भिंतीला टेकून आपण उन्हात जेवत होतो. मी तुला विचारलं की बाबा रे, पहिला माणूस मिळतो तरी कसा? दहावा मिळत असेल, शंभरावा मिळत असेल, लोक गर्दी पाहून येतात. पण गर्दीच नाही तेव्हा पहिला कोण येतो, काहून येतो? तुमच्या पैगंबरांना पहिला माणूस कसा मिळाला?

तू घास खाली ठेवला. म्हटलं, पहिला नाही, पहिली.

मग तू सांगितलं. ते डोंगरातल्या गुहेतून घरी आले ते थरथरत आले. आपल्याला काय झालं, काय ऐकू आलं, त्यांचं त्यांनाच कळेना. म्हणाले, मला पांघरूण घाला. त्यांच्या बायकोनं, बीबी खदीजांनी, पांघरूण घातलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या की अल्ला तुम्हाला टाकणार नाही, तुम्ही नात्याला जपता, लाचाराचं ओझं उचलता, पाहुण्याला जेवू घालता. अजून बाहेर कोणाला काही माहीत नव्हतं. त्यांचं त्यांना पण पुरतं उमगलं नव्हतं. आणि बाई मोकळी झाली, मी मानते म्हणून. मग घरात वाढणारं पोर, हजरत अली. मग जैद, जो गुलाम म्हणून आला होता आणि ज्याला त्यांनी मोकळं केलं होतं. मग दोस्त, अबू बकर. मोठा व्यापारी माणूस. त्यानं तर विचारलं पण नाही, ऐकलं आणि हो म्हटलं.

मी म्हटलं, असं काहून? तू म्हटलं, सगळं गाव त्यांना आधीपासूनच अमीन म्हणत होतं.

इथं माझी गाडी रुळावरून उतरली. अमीन म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर कचेरीचा अमीन आला, खाकी कोट घालून कुर्की, म्हणजे जप्ती, आणतो तो. आमच्या काकाच्या घरी आला होता तेव्हा शिलाई मशीन घेऊन गेला, आणि काकूनं मशीनवर ठेवलेला लग्नाचा फोटो पण घेऊन गेला. मी तुला म्हटलं, शकूर, काहीतरी चुकून राहिलं. अमीनावर कोण ईमान ठेवील? अमीन दिसला की लोक मागच्या दारानं पळतात. तू इतका हसला की भाकरी नाकात गेली. मग डोळे पुसून सांगितलं की ज्याच्याजवळ अमानत ठेवतात तो अमीन. घेऊन जाणारा नाही, ठेवणारा. मक्केतल्या लोकांची चीजवस्तू त्यांच्याकडं असायची.

मी मागं वळून तुझ्या फळीकडं बघितलं. ओळीनं पुडकी. मी म्हटलं, मग तू पण अमीनच की. तू पटकन कानाला हात लावला आणि मला चूप केलं. म्हटलं, तो शब्द त्यांचा आहे, मी सायकलवाला आहे, पुन्हा बोलू नको. मी पुन्हा बोललो नाही. पण मनातल्या मनात मी तुला तेच म्हणायचो, आता तू मला अडवू शकत नाही.

पण मी वाद सोडला नाही. म्हटलं, बायको, घरातलं पोर, घरातला माणूस, जिगरी दोस्त. सगळे घरचेच झाले. घरच्यांचं काय घेऊन बसला, बाहेरचे सांग. तू म्हटलं, "बड्डे, बाहेरच्याला फशी पाडता येते. घरचा माणूस आपल्याले उघडा पाहते. तुह्या घरी जाऊन विचार, तुह्यावर कोण विश्वास ठेवते."

मी गेलो ना. त्याच संध्याकाळी मी थरथरत घरात शिरलो आणि म्हटलं, मंगला, मला पांघरूण घाल. तिनं घातलं. मला भरून आलं. मग तिनं कपाळावर हात ठेवला, म्हटलं ताप नाही, आणि पांघरूण काढून घेतलं, धुवायचं होतं म्हणून. (मंगला म्हणते हे असं झालं नव्हतं, तिनं आधी माझं तोंड हुंगलं होतं. लिही बाई, ते पण लिही.)

बिलालची गोष्ट तू मला इतकी वेळा सांगितली की मला वाटायचं तो घमापुरातच कुठंतरी राहतो. हबशी गुलाम. मालक त्याला तापल्या वाळूवर निजवायचा आणि छातीवर धोंडा ठेवायचा, की बोल, सोडतो का नाही. आणि तो धोंड्याखालून एकच म्हणायचा, अहद, अहद. एकच आहे, एकच आहे. मग अबू बकरनं त्याला सोडवलं, आणि पुढं नमाजाची पहिली हाक देण्याचा मान त्याला मिळाला. मी खूश झालो. म्हटलं, म्हणजे माझ्याच धंद्यातला माणूस. तो पण भोंग्यावर होता.

तू हसला नाही तेव्हा. म्हटलं, तुझ्या भोंग्यावर लोक येतात ते हजेरी कटेल म्हणून येतात. पैगंबरांच्यामागं जे पहिले आले त्यांना येण्याचं काय मिळत होतं? धोंडा. मार. वाळीत टाकणं. एक म्हातारी होती, सुमय्या म्हणून, तिला तर जिवानं मारलं. तरी आले. मी म्हटलं, म्हणूनच विचारतो ना बे, काहून आले? तू म्हटलं, ते पण तुला सांगतो कधीतरी. आणि डबा धुवायला उठला.

हे 'कधीतरी' तुझ्याकडं बाकी राहिलं, शकूर.

मग पाकिस्तानशी लढाई लागली. कारखाना दिवसरात्र सुरू, कोणाला सुट्टी नाही, आणि माझ्या भोंग्याचा भाव वाढला, कारण हवाई हल्ल्याचा इशारा पण मीच द्यायचा होता. पहिल्याच सरावाला मी हल्ल्याचा भोंगा वाजवायच्या जागी जेवणाच्या सुट्टीचा वाजवला. लोक खंदकात पळायच्या जागी डबे घेऊन बाहेर आले. आमच्या मराठी मंडळात अजून माझ्याकडं पाहून लोक हेच सांगतात. चलो, सांगू दे.

रात्री ब्लॅकआउट. खिडक्यांना काळा कागद, सायकलच्या दिव्याला पण काळा रंग. आणि एका सकाळी गोष्ट उठली की रात्री टेकडीवरून कोणीतरी पाहिलं, शकूरच्या सायकल स्टँडवर उजेड चमकत होता. झालं. शकूर टॉर्चनं विमानाला इशारा करते. ही गोष्ट कोणी उठवली? कोणी परक्यानं नाही. आपल्या वसंतरावानं. आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, कारखान्यात चार्जमन, गणपतीत पोवाडा म्हणतो तो. आणि ज्याची चांदीची डबी, तंबाखू आणि चुना ठेवायची, त्याच्या वडिलांची, रोज सकाळी तुझ्या फळीवर असायची. दुसऱ्या कोणाच्या हातात ती डबी तो देत नव्हता. तूच मला सांगितलं होतं.

मला त्या उजेडाचं माहीत होतं. रात्रपाळीच्या सायकली ओळीनं उभ्या, सगळ्यांचे हँडल आणि घंट्या निकलच्या, आणि वर चांदणं. दुसरं काय चमकणार? मी फाटकावर उभा राहून तेच ओरडून सांगितलं. म्हटलं, चांदणं आहे बाबांनो, चंद्राला ब्लॅकआउट कोण सांगेल? आणि लोक हसले. मी गंमत करून राहिलो असं वाटलं त्यांना. मी अजून जोरात सांगितलं, ते अजून हसले. कोणीतरी मागून म्हटलं, भोंग्या, पुन्हा जेवणाची सुट्टी कर. आयुष्यभर लोकांना हसवलं, त्याचं हे फळ. एक दिवस खरं बोलायची वेळ आली आणि एक माणूस, एक पण माणूस, विश्वास ठेवायला तयार नाही.

गर्दी वाढत होती. वसंतराव पुढं. तुला पाकिस्तानी म्हणून राहिले, आई-बहिणीवरून बोलून राहिले. (इथं जागा सोडली आहे.) तू फळीसमोर उभा, हात खाली. आणि माझी भोंग्याची वेळ झाली. मी गेलो, नाही जाऊन करतो काय, बॉयलरची शिडी चढलो. तिथून भिंतीपलीकडं फाटक दिसते. मी साखळी ओढली.

त्यानंतर जे दिसलं ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. भोंगा झाला आणि गर्दी थांबली. शिवी तोंडात तशीच ठेवून लोकांनी खिशात हात घातले. बीड्या, काडीपेट्या, चाकू काढले, रुमालात बांधले, रांग लावली आणि एकेकानं आपलं पुडकं तुझ्या हातात दिलं. तुझ्याच हातात. वसंतरावानं डबी दिली. आणि तू घेतली. सगळ्यांची घेतली. फळीवर ठेवली, जशी रोज ठेवायचा. इतकं झालं तरी कोणाच्या मनात हे आलं नाही की हा देश विकणारा माणूस आपली डबी विकून टाकील.

मी शिडीवर उभा राहून शिव्या देत होतो. भोंग्यापुढं कोणाला ऐकू येते?

त्याच सकाळी, लोक आत गेल्यावर, पोलीस तुला चौकीवर घेऊन गेले. मी विचारपूस करायला निघालो, तर वाटलं एकट्याला कोण विचारतं, कोणीतरी सोबत पाहिजे. मी भोंग्यावर जोडीदाराला बसवलं आणि रात्रपाळीहून परतलेल्यांच्या घरोघर हिंडलो. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. माणूस सोन्यासारखा आहे, म्हणाले. आमच्या वस्तूला कधी धक्का लागला नाही, म्हणाले. पण या दिवसांत कशाला, म्हणाले. एकानं तर मला सदर बाजारातून आणलेली जिलबी खाऊ घातली आणि दारापर्यंत सोडायला आला. मी घरी येऊन बसलो. मंगलानं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. मला वाटलं आता ही पण म्हणेल, तुमचं काहीतरी उलटंच असते. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि म्हटलं, चला.

काहून, कसं, खरं का खोटं, काही नाही. चला.

चौकीवर दरोगानं तिला विचारलं की बाईसाहेब, तुम्हाला काय माहीत हा माणूस कसा आहे. ती म्हणाली, "मी बाळंतपणाला दवाखान्यात गेले तेव्हा माझं मंगळसूत्र याच्याजवळ ठेवून गेले होते." दरोगा चाट पडला. विचारलं, नवऱ्याजवळ काहून नाही ठेवलं? मंगलानं माझ्याकडं बघितलं. मग दरोगानं माझ्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग तो म्हटला, समझ गए. आणि कोपऱ्यातल्या शिपायाला सांगितलं की छोड़ दो.

शकूर, माझ्या अब्रूवर सुटलेला तू जगातला एकटाच माणूस असशील.

बाहेर आलो तर तू हसून राहिला. दिवसभर फरशीवर बसवून ठेवलं होतं, घसा बसला होता, खोकत होता आणि हसत होता. मंगला पुढं चालत होती. तू तिच्याकडं बोट केलं आणि हळूच म्हटलं, पाहिलं ना, पहिली बाईच असते. मी म्हटलं, हो, पण तिनं तुझ्यावर विश्वास ठेवला, माझ्यावर नाही. तू म्हटलं, तुझ्यासोबत चालत आली ना, मग झालं.

आणि तिथून तू घरी नाही गेला. सरळ स्टँडवर गेला. सुट्टी व्हायची होती, लोकांची पुडकी फळीवर होती. मी वाटेत तुझा हात धरला. म्हटलं, नाल्यात टाक. सगळं. ओमती नाला समोर आहे, त्यात एकेक पुडकं टाक, आणि वसंतरावाची डबी मी टाकतो. तू उभा राहिला आणि मला ते सांगितलं, जे मला पटलं नाही, अजून पटत नाही. मक्केतल्या लोकांनी पैगंबरांना मारायचं ठरवलं, घराला वेढा घातला, आणि त्याच लोकांच्या अमानती त्या घरात होत्या. ज्याच्यावर ईमान नाही ठेवायचं त्याच्याचकडं चीजवस्तू ठेवायची. आणि ते गाव सोडून निघाले तेव्हा हजरत अलीला मागं ठेवलं, ज्याचं त्याला देऊन मग ये म्हणून.

मी म्हटलं, ते पैगंबर होते बाबा. तू घमापुरातला सायकलवाला आहे. तुला कोणी सांगितलं?

तू म्हटलं, "ज्यानं माह्यापाशी पुडकं ठेवलं, त्यानं अर्धा विश्वास ठेवला, बड्डे. त्याले अजून माहीत नाही, एवढंच. तू विचारत होता ना, पहिले लोक काहून आले? असेच आले. अर्धे तर आधीच आले होते."

मी म्हटलं, आणि बाकीचा अर्धा?

तू म्हटलं, येईल ना. आणि भोंगा झाला, तो माझा जोडीदार वाजवत होता, आणि लोक बाहेर आले, आणि तू ज्याचं त्याला दिलं. कोणी मान वर केली नाही. तू पण काही बोलला नाही. वसंतरावाची डबी तर तू सदऱ्यानं पुसून दिली. पुसून, शकूर.

म्हणून मी चिडलो आहे. तू एक शब्द बोलायला पाहिजे होता. एक. लढाई संपली, आपण जिंकलो, पेढे वाटले, तुला पण पेढा दिला, आणि तू खाल्ला. पण माफ कर भाऊ, चुकलं आमचं, हे कोणी म्हटलं? मी रोज वाट पाहत होतो. मला वाटायचं आज कोणीतरी म्हणेल. रोज संध्याकाळी मी तुला विचारायचो, आला का बे तुझा बाकीचा अर्धा? आणि तू खोकत खोकत म्हणायचा, येईल. तो खोकला चौकीच्या फरशीवरून आला होता आणि गेला नाही. मी किती वेळा म्हटलं दवाखान्यात चल. स्टँड कोण पाहील, म्हणायचा. लोकांची पुडकी आहेत.

आता तू गेला, भर दुपारी, लोकांची पुडकी फळीवर तशीच ठेवून, आणि बाकीचा अर्धा आला. सगळा कारखाना आला तुझ्या मयतीला. खांदा द्यायला ढकलाढकली. वसंतरावानं खांदा दिला, माझ्या पुढं होता. कब्रस्तानात मूठ मूठ माती टाकून झाल्यावर म्हणतो, असा विश्वासाचा माणूस पुन्हा होणार नाही. मला इतका राग आला की मी तिथंच काहीतरी बोलणार होतो, पण पाय घसरला आणि मी बाजूच्या खड्ड्यात बसलो. लोकांना वाटलं दुःखानं बसलो. चार जणांनी उचललं. त्यात एक वसंतराव.

मग तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहायचे ते दिवस, पडद्यामागं. तिनं आतून सांगितलं की भाऊ, फळीवर लोकांचं सामान पडून आहे, ज्याचं त्याला देऊन टाका, मग मी रिकामी होते. दुसऱ्या कोणाला नाही सांगितलं. मला सांगितलं. ज्याच्याजवळ बायकोनं मंगळसूत्र ठेवलं नाही त्याला. मला तुझा हजरत अली आठवला आणि छाती फुगली. मग पुडकी पाहिली आणि छाती बसली. सगळ्यात वर वसंतरावाची डबी होती.

तुला खोटं सांगत नाही. ती डबी मी खिशात घातली आणि नाल्याच्या कठड्यावर जाऊन उभा राहिलो. हात पण लांब केला. मग वाटलं, मी टाकली तर नाव तुझं जाईल. शकूरकडं ठेवलेली वस्तू गेली, म्हणतील. इतक्या दिवसांची तुझी फळी मी एका डबीनं बुडवीन. वरून ही सगळी शहाणपणाची गोष्ट मला सुचली याचाच मला जास्त राग आला. तू मेल्यावर पण माझ्या डोक्यात बसून बोलून राहिला.

सकाळी फाटकावर फळीसमोर उभा राहिलो आणि सगळं दिलं. ज्याचं त्याला. बाकीच्यांना मुकाट्यानं दिलं. पण वसंतराव समोर आला आणि मी डबी वर धरली आणि सुरू झालो. सगळ्यांसमोर. चांदण्यापासून सुरुवात केली, शिव्या, रांग, चौकी, फरशी, खोकला, पेढा, सगळं. म्हटलं, तुम्ही त्याला डबी देत होते आणि देशद्रोही म्हणत होते. म्हटलं, आज विश्वासाचा माणूस म्हणता, जिवंत होता तेव्हा काय तोंडात तंबाखू होती? कोणी हसलं नाही. पहिल्यांदा, शकूर, माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नाही. मला वाटलं हा माझा दिवस आहे.

वसंतरावानं डबी घेतली. सदऱ्यानं पुसली. मग काय झालं सांगू, त्यानं खिशातून रुमाल काढला, सवयीनं, डबी त्यात बांधली, पुडकं पुढं केलं, आणि फळीमागं बघितलं. तिथं कोणी नव्हतं. पुडकं हातात तसंच. मग मला म्हणतो, अगदी लहान आवाजात, "आता कोणाजवळ ठेवू?"

मी म्हटलं, गिळून टाका. आणि भोंगा झाला.

तिथून मी थेट तुझ्या घरी गेलो. पडद्याबाहेर उभा राहून भाभीला सगळं सांगितलं, हातवारे करून, कसा वसंतरावाला उघडा पाडला, कशी सगळ्या कारखान्याची मान खाली गेली, कसं तू जे कधी बोलला नाही ते मी तुझ्या वतीनं बोललो. ते शेवटचं, गिळून टाका, ते तर मी दोनदा सांगितलं. आतून नाक शिंकरल्यासारखा आवाज आला. मला वाटलं रडून राहिली. मी म्हटलं, भाभी, काही चुकलं का?

मग आतून तुझ्यासारखीच वरुडाकडची मराठी आली.

"तुमाले सामान द्याले धाडलं होतं, भाऊ. भोंगा वाजवाले नाही."